भुंडीचे लाडू

भिंतीवरच्या सारवणाचा पोपडा सुटला, की इसू तो नखानं अलगद उचकटायची आणि बत्तासा ठेवावा तसा जिभेवर ठेवायची. तिच्या आईच्या, सारिकाच्या लक्षात आलं, की ती हातातलं टाकून धावायची, पोरीच्या तोंडात बोट घालून माती बाहेर काढायची. इसू काढू द्यायची. रडायची नाही, चावायची नाही, हिसडाही मारायची नाही. सारिकाला मातीपेक्षा याचंच जास्त भय वाटायचं. सहा वर्षांच्या पोरीनं इतकं गरीब असू नये.

हाकेवस्ती आटपाडीपासून बरीच आत, माळावर आहे. धनगरांची थोडी घरं, मेंढरं कोंडायचे वाडगे आणि घरटी एखाददुसरं कुत्रं. एके काळी हा माळ कोरडा ठणठणीत होता आणि माणसं वर्षातला बराच काळ मेंढरांमागं मुलूख फिरायची. मग कालवा आला. चारा जवळ मिळू लागला, तशी सारिकाचा नवरा बिरू याच्यासारख्या तरुणांनी लांबच्या वाटा सोडल्या. कालव्याच्या कडेला बाभळी वाढल्या, बाभळींखाली सावली आली, सावलीत ओल राहिली, आणि त्या ओलीत जंत रुजले.

डॉक्टर त्याला अंकुशकृमी म्हणतात. ओल्या मातीत त्याची अळी असते. अनवाणी पायाच्या कातडीतून ती आत शिरते, रक्तातून फुफ्फुसात जाते, तिथून घशाशी येते आणि थुंकीबरोबर गिळली जाते. आतड्यात पोचली, की तिथं दात रोवून बसते आणि रक्त पीत राहते. दिसायला दोऱ्याच्या तुकड्यासारखा हा जीव. पण असे पुष्कळ तुकडे पोटात जमले, की मूल पांढरं पडतं. अंगातलं लोह संपतं. आणि लोह संपलं, की मुलाला मातीची ओढ लागते.

शाळेत जंताची गोळी मिळायची. सारिका शाळेत होती तेव्हाही मिळायची आणि तेव्हा ती लागूही पडायची. पण इतक्या वर्षांत जंत गोळीला सरावले होते. शिवाय या जातीचा जंत माणूस आणि कुत्रं असा भेद करत नव्हता. पोरांचं पोट रिकामं केलं, तरी कुत्री कालव्याकाठी फिरून यायची आणि मातीत पुन्हा अंडी पडायची.

इसू तर भुंडीच्या पोटावर डोकं टेकूनच झोपायची. भुंडी ही बिरूची कुत्री. तिचं शेपूट लांडग्यानं तोडलं होतं, म्हणून हे नाव. वस्तीवर येणाऱ्या नर्सनं एकदा सांगितलं, "पोरीला कुत्र्यापासून लांब ठेवा."

सारिकाची सासू ठकूबाई लोकर पिंजत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आन् लांडग्याला कुणी लांब ठेवायचं? तुमी येता का राखणीला?"

नर्स बिचारी पिशवी उचलून पुढच्या घरी गेली.

* * *

डॉ. यास्मिन मुजावर वस्तीवर आली ती उन्हाळ्याच्या शेवटी, बॅटरीवर चालणाऱ्या धुळकट जीपमधून. ती जनावरांची डॉक्टर. मूळची विट्याची, नोकरी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. उतरल्या उतरल्या तिनं माणसांच्या आधी कुत्र्यांची नावं विचारली, त्यामुळं ठकूबाईनं तिला बसायला घोंगडं टाकलं.

"मातीतच एक जिवाणू असतो," यास्मिन सांगू लागली. वस्तीतली माणसं तिच्याभोवती बसली होती. "जिवाणू म्हणजे डोळ्याला न दिसणारा जीव. दुधाचं दही करतो ना, तसल्यापैकी. हा मातीतला जिवाणू एक प्रथिन बनवतो. ते जंताच्या पोटात गेलं, की त्याच्या आतड्याला भोकं पडतात आणि जंत मरतो. आपल्या आतड्याला किंवा कुत्र्याच्या आतड्याला ते प्रथिन चिकटतच नाही. कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, असा प्रकार. आम्ही काय केलं, हे प्रथिन बनवायचं ज्ञान काढून दुसऱ्या एका जिवाणूला दिलं. हा दुसरा कुत्र्याच्या पोटात मुळातच राहतो, कुणाला त्रास देत नाही. आता तो तिथं बसून जंत मारत राहील. गोळी आज दिली की उद्या निघून जाते. हा जात नाही."

ठकूबाईनं थोडा वेळ विचार केला. "म्हंजी पोटात राखण्या बसीवला म्हना की."

संस्थेत त्या जिवाणूला अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक नाव होतं. त्या दिवसापासून ते कुणी वापरलं नाही. यास्मिनसुद्धा राखण्याच म्हणू लागली.

"आन् माजला तर?" बिरूनं विचारलं. "राखण्याच माजला तर मेंढरांनी कुणाकडं बगायचं?"

"त्याला वेसण आहे. त्याच्या अंगाचं कवच बांधायला एक वीट लागते, ती त्याला स्वतःला बनवता येत नाही. तसंच केलंय आम्ही त्याला. ती वीट जगात कुठं सापडत नाही, फक्त आमच्या भुकटीत असते. तोही भुकटीतूनच पोटात जातो; ती रोज मिळाली तर तो जगेल. बंद केली, की चार-आठ दिवसांत मरेल."

भुकटी कडू होती. भुंडीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तेव्हा यास्मिननं स्वतः सारिकाच्या चुलीशी बसून बाजरीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि भरपूर गूळ घालून भुकटीचे लाडू वळले. कुत्र्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले. पुढं लाडू संस्थेतूनच डबे भरून येऊ लागले. सगळ्या वस्तीतल्या कुत्र्यांना रोज लाडू घालायचं काम सारिकाकडं आलं. ती दहावीपर्यंत शिकलेली, आणि कुत्री तिचं ऐकायची. यास्मिननं कागद वाचून दाखवला, घराघरातून सह्या घेतल्या. कुत्र्यांचे जंत गेले, तर मातीतली अंडी हळूहळू कमी होतील, आणि दोनेक वर्षांत पोरांनाही गुण येईल, असं ती म्हणाली.

दोन वर्षं सारिकाला फार लांब वाटली.

* * *

पण पावसाळा संपायच्या आतच इसू बदलली.

आधी तिला भूक लागू लागली. एक भाकरी संपवून ती टोपलीकडं बघायची. मग आवाज आला. घरात आपल्याला एक मूल आहे हे सारिकाला आता न बघताही कळायचं. डोळ्यांच्या आतल्या कडा लाल दिसू लागल्या. भिंतीचे पोपडे जिथल्या तिथं राहिले. एक दिवस शेजारची मंगल तणतणत आली. "तुझ्या पोरीला आवर! माझ्या सुमितला खाली पाडलं आन् छातीवर बसली."

सारिकानं तिचे दोन्ही हात धरले. "खरंच पाडलं? हिनं?"

"अगं, मी भांडाय आलीया!"

"भांड की. पन आदी नीट सांग, कसं पाडलं."

सारिकाला उन्हाळ्यातच दिवस गेले होते. इसूच्या आधीचं तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि इसूच्या वेळी अंगात रक्त नाही म्हणून तिला आटपाडीला पडून राहावं लागलं होतं. या खेपेस तिला पहिल्यांदाच भीती न वाटता सकाळी जाग यायची. बाहेर इसू आणि भुंडी एकमेकींच्या मागं धावत असायच्या, आणि पोटावर हात ठेवून ती ते बघत बसायची.

यास्मिन अधूनमधून येऊन पोरांच्या शौचाचे नमुने न्यायची. अंडी कमी होतात का, ते बघायला. दर वेळी ती जीपमधूनच कुत्र्यांना हाका मारत यायची. एकदा मात्र जीप येऊन थांबली आणि ती आतच बसून राहिली. भुंडी दाराशी उड्या मारत होती, तरी उतरली नाही.

सारिका जवळ गेली. "काय झालं, मॅडम?"

"सगळ्यांना बोलव," यास्मिन म्हणाली.

माणसं जमल्यावर तिनं आडवळण घेतलं नाही. "राखण्या पोरांच्या पोटात सापडलाय. बहुतेक सगळ्यांच्या. सगळ्यात जास्त इसूच्या."

"मग ब्येसच की!" बिरू म्हणाला. "म्हनून पोरं अशी टवटवीत झाली."

"हो. म्हणूनच झाली. पण तो कुत्र्यांसाठी होता, बिरूभाऊ. माणसाच्या पोटात तो पुढं काय करेल, ते कुणी तपासलेलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, लाडवाशिवाय तो जगायलाच नको होता. तरी पोरांत जगतोय. म्हणजे वेसण तुटली असणार. तशी तुटली असेल, तर तो या वस्तीतून त्या वस्तीत, कुठंही जाईल. परत बोलावता येणार नाही."

"मग आता?"

"मी संस्थेला कळवलं. कळवणं भाग होतं. पोरांना औषध देऊन राखण्या मारायचा, असं वरून आलंय." ती थांबली. "आणि कुत्री न्यायची. सगळी. पुढच्या आठवड्यात गाडी येईल."

"कुटं न्यायची?"

यास्मिननं भुंडीकडं बघितलं. ठकूबाईनं भुंडीला जवळ ओढलं. "माराय नेनार," ती म्हणाली.

गलका उठला. माणसं एकदम बोलू लागली.  गलका थोडा उतरल्यावर सारिका म्हणाली, "मॅडम, कुत्र्यांसाठी तुम्ही मला विचारलंत. कागद वाचून दाखवला, सही घेतली. पोरीसाठी कुणी विचारलं?"

"सारिका, आम्ही मुलांवर प्रयोग केला नाही. तो झाला."

"माझ्या पोरीला त्यात काय फरक?"

"काही नाही," यास्मिन हळूच म्हणाली.

"मला वाटलं, माझी पोर बरी झाली. देवाला नारळ फोडला मी. आन् आता तुम्ही म्हनताय, तिच्या पोटात काय बसलंय ते कुणालाच ठाव न्हाय." तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला. "आन् ह्याचं काय? ह्याच्यातबी गेलं असंल तर?"

यास्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, आणि कारणंही सांगत बसली नाही. "मला माहीत नाही," एवढंच म्हणाली. सारिका पाठ फिरवून घरात गेली.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका नेहमीसारखी लाडू घालायला निघाली. कुत्री मरणार असली, तरी आज उपाशी का ठेवा, असा तिचा हिशेब. भुंडीपुढं लाडू टाकून ती पुढच्या घराकडं वळली, आणि डबा उघडा राहिला म्हणून मागं बघितलं.

भुंडीनं लाडू फोडला. अर्धा खाल्ला, आणि उरलेला तसाच ठेवून ती मागं सरकून बसली. लिंबाच्या आडून इसू आली. तिनं उरलेला तुकडा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. मग भुंडीच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाली, "उद्या मोटा वाटा तुला हां."

सारिकानं डबा तिथंच भुईवर ठेवला आणि सासूला हाक मारली.

ठकूबाईनं वस्तीतली सगळी पोरं पारावर गोळा केली. हातात काठी होती, पण ती तिनं मुद्दाम मागं लपवली. "कुत्र्याचा लाडू कुनी कुनी खाल्ला? खरं सांगा. मारत न्हाय."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. पहिला हात सुमितचा वर गेला. मग दुसरा, तिसरा. थोड्या वेळात खाली असलेला हात शोधावा लागला असता. मंगलच्या कडेवर बोलता न येणारं पोर होतं, त्यानं लाडवाच्या डब्याकडं बोट दाखवून "हं! हं!" केलं.

सारिकानं यास्मिनला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग यास्मिन म्हणाली, "गूळ मीच घातला होता गं." आणि ती हसू लागली. हसता हसता तिचा आवाज फुटला. सारिकाचा राग अजून गेला नव्हता. पण तिलाही हसू आलं.

"म्हंजी वेसण तुटली न्हाय?"

"पोरं लाडू खात होती, तर नसेल तुटली. पण हे मी म्हणून चालणार नाही. दाखवून द्यावं लागेल. पोरांना लाडू बंद करायचे. कुत्री तारेच्या कुंपणात वेगळी ठेवायची, त्यांचे लाडू चालू राहतील. आणि महिन्यानं सगळ्यांची तपासणी. या वेळी मोठ्यांचीसुद्धा. पोरांची पोटं रिकामी निघाली, तर वेसण शाबूत. कुत्री वाचली. एकाच्याही पोटात राखण्या राहिला, तर मात्र माझं कुणी ऐकणार नाही."

"आन् पोटं रिकामी झाली म्हंजी, जंत परत येनार?"

यास्मिननं खोटा धीर दिला नाही. "लगेच नाही. पण येतील."

* * *

तो महिना सारिकाला जड गेला. संस्थेनं गाडी महिनाभर थांबवली; तिच्या माणसांनी माळावर कुंपण घातलं आणि कुत्री आत कोंडली. इसू सकाळी उठून कुंपणापाशी जायची, अलीकडून पाठ टेकून बसायची. पलीकडून भुंडीही पाठ टेकायची. मध्ये तार. संस्थेचा राखणदार भला माणूस होता; तो म्हणायचा, "पोरी, लांब हो." इसू वीतभर सरकायची आणि तो गेला, की पुन्हा येऊन टेकायची.

मेंढरांना राखण उरली नाही. एक दिवस भरदुपारी लांडगा आला आणि बिरूच्या डोळ्यांदेखत कोकरू उचलून घेऊन गेला. बिरू ओरडत मागं धावला, तो हात हलवत परत आला. घरात येऊन त्यानं पागोटं भुईवर आपटलं.

"लाडवाचा डबा उघड," तो सारिकाला म्हणाला. "पोरीला दे रोज एक. एकीनं काय हुतंय?"

"एकीनंच हुतंय. तपासनीत दिसंल."

"दिसू दे! कुत्री गेली तर गेली. पोरगी परत माती खाय लागली तर? मागचं इसरलीस?"

सारिका त्यातलं काही विसरली नव्हती. डबा तिच्याच घरात, फळीवर होता. किल्ली तिच्या गळ्यात होती. रोज एक लाडू दिला असता, तर इसूच्या पोटातला राखण्या टिकला असता. पण वस्तीची सगळी कुत्री गेली असती. आणि पुढं कधी कुठल्या पोराला हे औषध मिळण्याची वाटही बंद झाली असती. हे सगळं तिला नीट समजत होतं. तरी किल्ली गळ्याला टोचायची.

"इसरले न्हाय," ती म्हणाली. "पन भुंडी गेल्याली मी इसूला कसं सांगू? ते तुमी सांगा. सांगता?"

 बिरूनं पागोटं उचललं, झटकलं आणि काठी घेऊन मेंढरांकडं गेला.

पुढं एकदा तिनं इसूला घरामागं भिंतीशी वाकलेलं बघितलं. हात चिखलानं भरलेले, ओठालाही चिखल.  तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं, तोंडात बोट घातलं. इसू कचकन चावली.

"आये! माती न्हाय खात मी! भुंडी काढतीया!"

भिंतीवर ओल्या मातीनं एक कुत्री काढली होती. चार पाय, मोठे कान, आणि शेपटीच्या जागी काही नाही. सारिका चावलेलं बोट धरून खाली बसली आणि पोरीला तिनं चिखलासकट छातीशी घेतलं.

* * *

तपासणीचा निकाल घेऊन यास्मिन स्वतः आली. पोरं सगळी रिकामी निघाली होती. एकाच्याही पोटात राखण्या नव्हता. सारिकाच्याही नाही.

"मग सोडा की कुत्री!" बिरू म्हणाला.

यास्मिन ठकूबाईकडं बघत होती. "मावशी, एकाच माणसाच्या पोटात तो अजून आहे. तुमच्या."

 ठकूबाईचं तोंड उतरलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"आत्याबाई?" सारिका म्हणाली. "लाडू तर तुमी घेऊन जात हुता कुंपनात. माज्यानं वाकवत न्हाय म्हनून."

"कुत्र्यांतला खंड्या म्हातारा झालाय," ठकूबाई खाली बघून म्हणाली. "दात न्हाईत त्येला. अर्धा लाडू सांडतोय. अन्न टाकवत न्हाय मला."

"आत्याबाई! पोरांची झडती तुमीच घेतली नव्हं!"

"व्हय, घेतली. काटी बी मागं धरली हुती." मग म्हातारीनं मान वर केली आणि ती यास्मिनशी बोलू लागली. "बाई, सोळा वर्सांची हुते तवा ह्या घरात आले. तवापास्नं मला दम लागतोय. घागर उचलली की डोळ्यांफुडं अंधारी. चढ चडला की छाती धडाधडा. मला वाटलं, बाईमान्साचं आसंच आसतं. सगळ्याच थकत्यात. ह्यो लाडू खाय लागले आन् येक दिस टेकडीवर गेले मेंढरांमागं. वर पोचले, तरी दम न्हाई लागला. म्या तितंच हुबी ऱ्हायले. म्हनलं, आसं आसतं व्हय? न थकता बी मानूस जगतं?"

 यास्मिननं म्हातारीचा खडबडीत हात आपल्या हातात घेतला.

"मावशी, मी संस्थेच्या समितीला खरं ते सांगते. पण तुम्हाला लाडू सोडावा लागेल. महिनाभर. मग परत तपासायचं."

ठकूबाईनं कुंपणाकडं बघितलं. तारेपलीकडं भुंडी कान टवकारून उभी होती, आणि अलीकडं इसू.

"सोडला," ती म्हणाली. "आत्तापास्नं सोडला."

तिनं तो खरंच सोडला. सारिकानं खंड्याचा सांडलेला लाडू उचलायचं काम राखणदाराकडं दिलं, पण त्याची गरज नव्हती. पुढच्या खेपेस ठकूबाईचं पोट रिकामं निघालं. समितीनं लिहून दिलं, की वेसण शाबूत आहे, कुत्री राहू द्यावीत आणि लाडू फक्त कुत्र्यांनाच मिळतील याची काळजी घ्यावी. कुंपणाचं दार उघडलं, तेव्हा कोण आधी धावलं, भुंडी की इसू, यावर वस्तीत अजून एकमत नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या आणि धुळीत लोळल्या, एवढं सगळ्यांनी बघितलं.

हिवाळ्यात सारिकाला मुलगा झाला. सुखरूप, बाहेरचं रक्त न चढवता, स्वतःच्याच रक्तावर. त्याचं नाव प्रणव ठेवलं.

* * *

माणसांसाठी राखण्या तयार व्हायला आणखी एक पावसाळा गेला. कुत्र्यांचे लाडू चालू होते, त्यामुळं मातीतली अंडी खूप कमी झाली होती. पण शेजारच्या वस्त्यांवरची कुत्री तशीच होती आणि कालवा सगळ्यांचा होता. इसू आता माती खात नव्हती, मात्र तिच्या डोळ्यांच्या कडा पुन्हा फिक्या दिसू लागल्या होत्या. ठकूबाई टेकडीच्या अर्ध्यावर बसून घ्यायची.

यास्मिन कागद घेऊन आली आणि सारिकासमोर मांडी घालून बसली. तिनं कागद पहिल्या ओळीपासून वाचला. काय होऊ शकतं, काय होण्याची शक्यता कमी आहे, आणि काय होईल ते मुळीच माहीत नाही. कधीही नको म्हणालात, तर चार-आठ दिवसांत सगळं पोटातून जाईल. शेवटचं पान संपल्यावर सारिकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या लेकीला दिलं असतं का तुमी?"

यास्मिनला आठ वर्षांची मुलगी होती. तिनं हातातले कागद खाली ठेवले.

"आत्ता नसतं दिलं," ती म्हणाली. "थांबले असते. अजून दहा वर्षं काय दिसतंय ते बघितलं असतं. पण माझी मुलगी फरशीवर चालते, सारिका. तिला थांबायला परवडतं."

सारिकानं अंगणात बघितलं. प्रणव भुईवर रांगत होता. त्याच्यामागं इसू, आणि त्या दोघांमागं भुंडी.

"खोटं बोलला असता, तर सही केली नसती," ती म्हणाली. "इसूला द्या. आत्याबाईंना द्या, त्या आदीच पाया पडतील तुमच्या. बारक्याला न्हाय. त्याला जरा मोटा हू दे. त्याच्या अंगाला काय लागतंय, ते तरी मला कळू दे."

"बरोबर आहे," यास्मिन म्हणाली. कागद आवरता आवरता तिनं विचारलं, "माझं एक काम करशील? मी कालव्यापलीकडच्या वस्तीवर दोनदा जाऊन आले. बायका ऐकून घेतात आणि घरात जातात. माझ्याबरोबर येशील?"

सारिका गेली. प्रणवला काखोटीला मारलं. इसू आणि भुंडी न बोलावताच जीपमध्ये चढल्या होत्या. पलीकडच्या वस्तीवर बायका गोठ्याच्या सावलीत जमल्या. यास्मिन बोलायला उभी राहत होती, तिला सारिकानं हातानं थांबवलं.

"मी हाकेवस्तीची," ती म्हणाली. "आदी मला जे ठाव न्हाय ते सांगते. मग ठाव हाय ते."

आणि तिनं तसंच सांगितलं. पुढं काय होईल ते कुणाला ठाऊक नाही, हे आधी. मग इसूचं, मग सासूचं, मग कुंपणाचं.

पुढं बसलेल्या एका बाईच्या मांडीवर एक पोर होतं. पोट घागरीसारखं, डोळे मोठे, अंगावर बसलेली माशीही हाकलत नव्हतं. त्या बाईनं सारिकाच्या काखेतल्या प्रणवकडं बोट केलं. "तुमच्या थोरलीला दिलं म्हनता. ह्याला दिलं का?"

"न्हाय," सारिका म्हणाली. "ह्याला अजून न्हाय. भ्या वाटतं मला."

बायकांत कुजबुज झाली. यास्मिननं डोळे मिटून घेतले. ती बाई मात्र सारिकाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "उभ्यानं नका सांगू, बाई. हितं बसा, आन् परत पयल्यापास्नं सांगा."